ट्रॉलीच्या दांडीवरची काळी फुली

ती ट्रॉली अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी आता आठवूनही आठवत नाहीत. पण रस्त्यात एखादा ट्रॅक्टर मागे रिकामी ट्रॉली खडखडवत जाताना दिसला की ते सगळं प्रकरण वर येतं आणि माझा पारा चढतो. बायको म्हणते, आता निवृत्त झालात, सोडा की. नाही सुटत.

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे ते फार वाईट दिवस होते. जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. रोज कोणी ना कोणी मोठा माणूस पाहणीला यायचा आणि निम्मं ठाणं त्याच्या बंदोबस्तात अडकायचं. गावोगाव विक्री निघालेली. कोणी बैलजोडी काढली, कोणी मोटारपंप काढला, कोणी ट्रॅक्टर, कोणी ट्रॉली. दुसरीकडे हप्ते थकले म्हणून वसुलीची माणसं भर रस्त्यात गाड्या अडवायची आणि ओढून न्यायची. त्यामुळे जुनी ट्रॉली विकायला निघाली तर कोणाला नवल वाटत नसे, आणि ती रस्त्यात कोणी जप्त केली तरी वाटत नसे. तीन हलकट माणसांनी हे बरोबर हेरलं होतं. लोकांच्या पडत्या काळावर धंदा करणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड आहे, आणि हे तर त्यातले अस्सल होते.

एका दुपारी बंदोबस्तावरून ठाण्यात परतलो. मागच्या खोलीत एक पंचविशीतला तरुण भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याचा डावा गाल सुजलेला होता.

"हा कोण?" मी हवालदाराला विचारलं.

"ट्रॉलीच्या भानगडीतला आहे, सर. संध्याकाळपर्यंत कबूल होईल."

मी स्टेशन डायरी मागवली. त्यात या माणसाची नोंद नव्हती. एफआयआर विचारला, तर फिर्यादी चहाला गेलाय, आला की घेतो म्हणाला. म्हणजे गुन्हा दाखल नाही, अटक नाही, नोंद नाही, आणि माणसाचा गाल मात्र सुजलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हवालदाराला मी सगळ्यांसमोर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्याविरुद्धचा अहवाल त्याच दिवशी वर पाठवला. मग त्या तरुणाला पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि फिर्यादीला बोलावणं पाठवलं.

फिर्यादी त्या तरुणाचा सख्खा भाऊजी निघाला.

बोरी अरबकडचा माणूस. उभं आयुष्य दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवण्यात गेलेलं. त्या वर्षी कसाबसा स्वतःचा एक जुना ट्रॅक्टर झाला होता. पण ट्रॉली नसेल तर हंगामात ट्रॅक्टरला काम कुठलं? वेचणी सुरू झाली होती आणि अर्ध्या गावानं त्याला सांगून ठेवलं होतं, तुझी ट्रॉली आली की आमचा कापूस तूच जिनिंगला न्यायचा. त्या एका हंगामाच्या भरवशावर तो मालक होणार होता, नाहीतर पुन्हा कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर.

ट्रॉलीची बातमी आणली बायकोच्या या धाकट्या भावानं. तो एका जिनिंग गिरणीच्या वजनकाट्यावर रोजंदारीनं कामाला होता. तिथे रांगेतल्या एका माणसानं त्याला सांगितलं की उमरखेडच्या पुढे एक चांगली ट्रॉली निघाली आहे, मालक अडचणीत आहे, लवकर जा. यानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला. तिघं ट्रॅक्टरवर बसून निघाले. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा तो लांबचा रस्ता. नवरा चालवायला, बायको एका मडगार्डवर, भाऊ दुसऱ्यावर. बाईनं ठेवणीतलं पातळ नेसलेलं, भाकरी आणि ठेचा बांधून घेतलेला, ट्रॉलीला घालायला झेंडूचा हारही घेतलेला. नवऱ्यानं ट्रॅक्टर धुऊन पुसून चकचकीत केला होता. जत्रेला जावं तसे गेले बिचारे.

उमरखेडला नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी त्यांनी ट्रॉली पाहिली. निळी, मजबूत, टायर बरे. पैसे रोख दिले, ट्रॉली जोडली आणि परत फिरले. पुसदच्या वाटेवर घाटाखाली भरदुपारी एक जीप आडवी आली. जीपमधून दोघं उतरले. एकाच्या अंगात खाकी पँट, पायात तपकिरी बूट, हातात शिक्का मारलेला कागद. या ट्रॉलीवर कर्ज थकलंय, ती जप्तीतली आहे, तुम्ही ती घेतलीच कशी, चला, तुम्हालाही आत टाकतो. मागून त्यांनी बोलावलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. पाच-दहा मिनिटांत ट्रॉली जोडायची पिन निघाली, ट्रॉली त्या ट्रॅक्टरमागे लागली आणि आली त्या दिशेनं निघून गेली. हे तिघं जागेवरच उभे होते. ज्यानं ट्रॉली विकली त्याच्याकडे परत गेले तर तिथे कुलूप.

गावात हे शिरले तेव्हा माणसं वाट पाहत उभी होती. हार ट्रॅक्टरच्या बॉनेटवर सुकलेला आणि मागे ट्रॉली नाही.

"मंग तुमचा संशय याच्यावर कायले?" मी भाऊजीला त्याच्याच बोलीत विचारलं. मीही वऱ्हाडातलाच.

"साहेब, बातमी यानंच आनली. घाटात यानंच म्हनलं, भाऊजी, देऊन टाका, पोलीस हाय. अन् पिन बी यानंच काढून देल्ली. सामील असल्याबिगर कोनी असं करते काय?"

तो तरुण मान वर करून एवढंच म्हणाला, "मी भेलो होतो, साहेब. खाकी पायली अन् भेलो."

"तुम्ही काय केलं?" मी भाऊजीला विचारलं. "जीपवाल्याचं नाव विचारलं? ठाणं कोणतं, ते विचारलं?"

"नाई इचारलं, साहेब."

 ट्रॉलीचा मालक हा, ट्रॅक्टर चालवणारा हा, आणि घाटात तोंडातून शब्द काढला नाही. मग घरी जाऊन धुसफुसला आणि बळी शोधला तो बायकोच्या भावाचा. माझ्या नोकरीत अशी माणसं मी पोत्यानं पाहिली. खाकी दिसली की शेळी होतात आणि घरी आलं की वाघ होतात. मला त्याचा राग आला, आणि तो मी लपवला नाही.

त्याच संध्याकाळी त्या तरुणाची बहीण एसटीनं एकटीच ठाण्यात आली. तिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, सरळ बघून बोलणारी. "जयभीम साहेब" म्हणाली. मीही जयभीम म्हटलं आणि बसायला सांगितलं. नवरा बाकावर बसला होता. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"माह्या भावाले सोडा," ती म्हणाली. "चोर पायजे असन तं हात पाहा लोकायचे."

"कोणाचे हात?"

"ज्यायनं बिब्बा तोडला त्यायचे."

मग तिनं सांगितलं, आणि या प्रकरणात पहिल्यांदा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो.

आमच्याकडे नवीन वस्तू घरात आणली की तिला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतात. बिब्बा हे आमच्या रानातलं फळ. तापलेली सुई त्याच्यात खुपसली की काळं चिकट तेल निघतं. त्या तेलाची फुली ओढली की ती धुऊन जात नाही. आणि तेच तेल कातडीला लागलं की एक-दोन दिवसांत तिथे आग होते, फोड येतात, कातडी काळी पडून सोलते. आमच्याकडे म्हणतात बिब्बा उतला. बाईनं विकणाऱ्याच्या अंगणात चुलीवर सुई तापवून बिब्ब्याची फुली ट्रॉलीच्या दांडीवर, खालच्या अंगाला ओढली होती. ज्या दांडीनं ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात तिच्यावर. आणि तिथेच लिंबू, मिरच्या आणि टोचलेले दोन बिब्बे दोऱ्यात ओवून टांगले होते. भाऊ तिची थट्टा करत होता. विहारात इतकं सांगून राह्यले, ताई, तरी तू बिब्बेच टांग. ती म्हणाली, असू दे, तुले काय करायचं? तेव्हा तिघंही हसले होते.

"जीपवाल्यानं त्या दोऱ्याले हात घातला," ती सांगत होती. "मी म्हनलं, दादा, हात नोका लावू, बिब्बा उतन. तं तो हासला. म्हने, काय जादूटोना करते काय बाई? अन् मुठीत धरून ओढून फेकला. दांडीलेबी तिथंच पकडून ओढली. माह्या भावानं पिन काढली, पन त्यानं दांडीले हात नाई लावला. त्याले ठाव होतं."

मी तरुणाचे हात पाहिले. स्वच्छ होते. स्वच्छ हात म्हणजे निर्दोष असं होत नाही, एवढं पोलिसाला कळतं. पण उतलेला हात शोधायचा, एवढी दिशा मिळाली आणि ती पुरेशी होती. रीतसर फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, बाईचा जबाब घेतला आणि तरुणाला बहिणीच्या स्वाधीन केलं.

घाटाखाली एक हॉटेलवाला होता. चहा, भजी, मागच्या बाजूला थोडं आणखी काही. ते आणखी काही मी बघून न बघितल्यासारखं करावं म्हणून तो मला अधूनमधून खबर द्यायचा. साध्या कपड्यांत त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, हाताला फोड आलेला कोणी दिसला का? त्यानं इकडे तिकडे पाहिलं.

"जीपवाल्यायपैकी एक हाय साहेब. परवा खोबरेल मांगून राह्यला होता. उजव्या हातानं कप धरता येत नोता त्याले. म्या म्हनलं काय झालं, तं म्हने बॅटरीचं पानी सांडलं."

"जीपवाले म्हणजे?"

"ते नाई काय, ट्रॉल्या पकडतात घाटात. पकडली का इथंच चहा पितात. लय हासतात. मले वाटलं तुमचीच मानसं हाय."

मी त्याची कॉलर धरता धरता राहिलो. ठाण्याच्या हद्दीत, हमरस्त्यावर, लोकांना लुटून लोक चहा पितात आणि हॉटेलवाल्याला वाटतं पोलीसच आहेत. यात त्याची चूक कुठे शोधायची? खाकी पँट बाजारात मिळते. पण खाकी पँटवाला लुटणारच असं लोकांनी धरून चालावं, ही कमाई काही त्या तिघांची नव्हती. ती आमचीच होती, आणि त्या हवालदारासारख्या प्रत्येकानं तिच्यात भर टाकली होती.

पुढचं काम अवघड नव्हतं. हॉटेलवाल्यानं दिलेल्या वर्णनावरून जीप निघाली, जीपवरून माणूस निघाला. जुन्या ट्रॅक्टरांची दलाली करणारा, गावात मान असलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस. पंचांना घेऊन त्याच्या शेतातल्या टिनाच्या शेडवर गेलो. आत ट्रॉली होती, पण हिरवी. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तो साळसूदपणे म्हणाला, साहेब, ही माझी जुनीच आहे, रंग दिला नुसता.

मी टॉर्च घेतला आणि दांडीखाली आडवा झालो. हिरव्या रंगातून बिब्ब्याचं तेल फुटून वर आलं होतं, काळी फुली स्पष्ट दिसत होती. पण एक नव्हती. तिच्या शेजारी दुसरी होती, जरा जुनी. आणि पुढे तिसरी, वेगळ्या हाताची, बारीक.

मी तिन्ही फुल्यांवरून टॉर्च पुन्हा एकदा फिरवला. तीन घरं. तीन घरांतल्या बायांनी सुई तापवून या दांडीवर फुली ओढली होती, ट्रॉलीचं आणि आपल्या माणसांचं भलं व्हावं म्हणून. तिघींच्याही डोळ्यांदेखत ती ट्रॉली घाटात ओढून नेली होती. आणि आधीच्या दोन घरांतून कोणी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं. चोरीचा माल घेतला म्हणून आपल्यालाच आत टाकतील, या भीतीनं तोंड दाबून बसले होते. पंच विचारू लागले, साहेब, काय झालं? मी उठलो आणि पंचनामा लिहायला सांगितला.

चौकशीत तो दलाल पहिला तासभर पक्का होता. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"हाताला काय झालं?"

"बॅटरीचं ॲसिड सांडलं."

"कोणत्या गाडीची बॅटरी?"

"जीपची."

"जीपची बॅटरी मी बघितली. नवी आहे. कधी उघडली?"

"मंग ट्रॅक्टरची असन, साहेब. आता ध्यानात नाई."

मी वाद घातला नाही. शिपायाला बाजारातून एक बिब्बा आणायला सांगितला होता. तो कागदावर ठेवला, सुईनं टोचला आणि टेबलावरून सावकाश त्याच्याकडे सरकवला. त्यानं रुमालाचा हात झटकन मागे घेतला आणि छातीशी धरला. खुर्ची मागे सरकली. ॲसिडानं भाजलेला माणूस बिब्ब्याला कशाला घाबरेल? हे त्याच्याही लक्षात आलं, पण हात आधी मागे गेला होता.

मग त्यानं सगळं ओकलं. एक जण विकायचा, दोघं जीपमध्ये, ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर भाड्याचा. ट्रॉली परत आली की नवा रंग आणि नवं गिऱ्हाईक. जिनिंगच्या रांगेत गरजू कोण ते हेरायचं. हे सांगताना तो जरा सैलावला, आणि मग जे बोलला त्यावर मला खोलीतून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं, नाहीतर त्या हवालदारात आणि माझ्यात फरक उरला नसता.

"साहेब, आमी कोनाले हात लावला नाई, शिवी देल्ली नाई. कायले पायजे? जीप आडवी केली का लोकंच पिन काढून देत."

ओळख परेडीत बाईनं तिघांनाही ओळखलं. खटला चालला, शिक्षा झाली. बाकीच्या दोन फुल्यांची घरं मी शोधली. एक सापडलं. त्या घरच्यांचा जबाब घ्यायला चार वेळा माणूस पाठवावा लागला, इतके ते पोलिसाला भ्याले होते. दुसरं घर मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

न्यायालयानं ट्रॉली फिर्यादीच्या ताब्यात द्यायचा आदेश दिला. सुपूर्तनाम्यावर सही करायला तिघंही ठाण्यात आले, कारण त्या दिवशी भावाचीही साक्षीदार म्हणून सही लागणार होती. वेचणी केव्हाच संपली होती. गावाचा कापूस दुसऱ्याच्या ट्रॉलीतून गेला होता. तरी नवऱ्यानं नारळ आणला होता. आवारात ट्रॉली जोडली, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा मेव्हण्यापुढे केला. त्यानं तो घेतला, खाल्ला नाही.

"चाल, बस वरतं," नवरा म्हणाला. "झालं ते झालं. ट्रॉलीतच बस, मोकळीच हाय."

"मी एसटीनं जातो, भाऊजी."

"काहून? एवढी ट्रॉली असताना?"

तो तरुण आवाज न चढवता म्हणाला, "रस्त्यात कोनं आडवलं तं पुन्हा माहंच नाव येईन."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन, समजूत घालेन असं त्याला वाटलं असावं. मी सुपूर्तनाम्याची प्रत त्याच्या हातात दिली. मला त्याची दया येत नव्हती. बाई मडगार्डवर बसली होती. ती खाली उतरली, आपली पिशवी काढली आणि भावाच्या मागून फाटकाबाहेर एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. जाताना फक्त मला "येतो साहेब" म्हणाली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणी घरच्याच माणसाचं नाव घेऊन फिर्याद द्यायला आला की मी त्याला आधी एकच प्रश्न विचारायचो. जेव्हा परका माणूस तुला लुटत होता, तेव्हा तू त्याला काय विचारलंस? नव्या पोरांना शिकवायचो ते वेगळं. म्हणायचो, खाकी बघून लोक हातातली वस्तू मुकाट्यानं काढून देतात, याला मान समजू नका, ही आपली बदनामी आहे. किती जणांनी ते मनावर घेतलं, मला माहीत नाही.

त्या दिवशी बाईच्या नवऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला. मग गियर टाकला आणि एकटाच निघाला. बोरी अरबपर्यंतचा तो सगळा लांब रस्ता, ज्या ट्रॉलीसाठी तिघं हसत गेले होते ती मागे रिकामी, आणि दोन्ही मडगार्डं मोकळी.